तिसरा तुकडा अंजनाबाईचा

रंजीता रामटेकेला खोटारडी म्हणणारा माणूस धानोऱ्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर बायका त्याला उभा-आडवा घेतील. तरीही त्या मे महिन्यातल्या दुपारी, बारा वाजून पाच मिनिटांनी, रंजीता आपल्या टेबलाशी बसून घामाघूम झाली होती, आणि त्यात उन्हाचा काही दोष नव्हता. कूलर होता. कूलरमध्ये पाणीही होतं. पण कॉम्प्युटरवर तांबडी पट्टी आली होती: ओळख पटली नाही, युजर नेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा.

बाहेर गोदामाच्या दाराशी गाडी लागलेली. गाडीत मोहफुलांची त्रेसष्ट पोती भरून झालेली. ड्रायव्हर गाडीखालच्या सावलीत दुपट्टा अंथरून पडला होता आणि दर दहा मिनिटांनी मान वर करून विचारत होता, "मॅडम, निघू का?"

आता ही मोहफुलं म्हणजे नेहमीची, झाडाखाली मातीतून वेचलेली नव्हेत बरं. अकरा गावच्या बायकांनी यंदा पहिल्यांदाच झाडांखाली हिरव्या जाळ्या बांधल्या होत्या. फूल मातीला लागू द्यायचं नाही, जाळीतूनच उचलायचं, बांबूच्या तट्ट्यावर वाळवायचं, पोत्यात भरायचं आणि पोत्याला नंबराची चिठ्ठी लावायची. गावातले रिकामटेकडे पारावर बसून हसले. "मोहाले मच्छरदानी लावून राह्यल्या बायका," म्हणाले. बायकांनी हसू दिलं. त्यांनी नागपूरची एक लाडू बनवणारी कंपनी गाठली होती, आणि ती कंपनी हे स्वच्छ फूल न्यायला तयार झाली होती.

कंपनीची अट एकच होती. कोणतं पोतं कोणत्या गावचं, कोणत्या बाईचं, कोणत्या झाडाखालचं, हे सगळं कंपनीला आपल्या नागपूरच्या कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. या अकरा गावांच्या संघाची वही होतीच, कॉम्प्युटरातली, आणि ती लिहायचं काम रंजीताचं होतं. ती वही नागपूरच्या कॉम्प्युटरला जोडायची, एवढंच. पण ते एवढंच आज काही केल्या होईना.

"मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे," फोनवर प्रफुल म्हणाला. हा कंपनीचा कॉम्प्युटरवाला. बोलायला गोड, पण दर वाक्याला समोरच्याच्या पोटात गोळा आणणारा. "तुमची वहीच आमच्या जोडणीला आत घेऊन नाही राहिली."

"माह्याकडं तं उघडी आहे ना सर. डोळ्यापुढं दिसून राह्यली मले."

"हो, पण एक सांगून ठेवतो. ही जोडणी दर दोन तासांनी आपोआप प्रयत्न करते. आठ, दहा, बारा, तीन वेळा चुकलं. पाच वेळा चुकलं की तुमची वही चोवीस तास बंद."

"मंग ते आपोआपचं बंद करा ना, सर!"

"ते साहेबांच्या हातात आहे. साहेब विमानात आहेत."

घ्या! अकरा गावांची मेहनत खाली धानोऱ्यात, आणि बटन विमानात.

रंजीतानं विचारलं, फाईलच पाठवली तर? चालत नाही म्हणाला, हातानं पाठवलेल्या फाईलीवर कंपनीचा विश्वास नाही. उद्या जोडली तर? कंपनीच्या खरेदीचा आजचा शेवटचा दिवस. आज नोंदी दिसल्या नाहीत तर दुसरीकडचा माल घेणार, आणि गाडी इथंच खाली करायची. मग ती जाळीतली फुलं नेहमीच्या व्यापाऱ्याकडे, मातीतल्या फुलांच्या ढिगात. आणि पुढल्या वर्षी एक बाई झाडाला जाळी बांधणार नाही, हे रंजीताला लख्ख दिसत होतं. का बांधावी? हसणारे पारावर बसलेलेच होते.

तिनं जे जे सुचलं ते केलं. वायर काढून पुन्हा लावली. मोडेम बंद करून चालू केला. युजर नेम एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. कॉम्प्युटरची तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं. आणि मग घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. साडेबाराला प्रफुलला म्हणाली, "सर, एकडाव पुन्हा दाबून पाहा."

प्रफुलनं दाबलं. "चार झाल्या, मॅडम."

अरे देवा, आपणच एक वाया घालवली! आता दोन वाजता जोडणी आपोआप पाचव्यांदा धडकणार आणि वही बंद. दीड तास राहिला. ती तोंडावर पाणी मारायला उठली, आणि उठता उठता भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर गेली. एक मे, गेल्या आठवड्यातली. तारखेला लाल गोल.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. जोडणी केली ती एप्रिलमध्ये. तेव्हाचा पासवर्ड त्या जोडणीनं स्वतःजवळ ठेवून घेतला आणि ती निजली. आज सकाळी गाडी लागली तेव्हा प्रफुलनं तिला उठवली. मधल्या काळात, एक तारखेला, इथं पासवर्ड बदलला. रंजीताच्या कॉम्प्युटरवर वही त्या दिवसापासून उघडीच होती, म्हणून तिला काही जाणवलं नाही. जोडणी बिचारी जुनी किल्ली घेऊन नव्या कुलपाशी सकाळपासून झोंबत होती.

रोग सापडला. पण औषध तीन घरांत होतं, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी संघात एक ऑपरेटर होता. नाव घ्यायच्या लायकीचा नाही, म्हणून घेत नाही. त्यानं वहीत चार बायकांची पोती आपल्या मेहुणीच्या नावावर फिरवली. उघडकीला आलं, त्याला हाकलला, आणि अकरा गावांची सभा बसली. तेव्हा अंजनाबाई उठली. अंजनाबाई मेश्राम, साठीची, बचत गट चालवून चालवून गटाइतकीच टणक झालेली. ती म्हणाली, "आपल्या गटाच्या पेटीले तीन कुलपं रायतेत. तीन किल्ल्या तीन घरी. पेटी उघडाची तं तिघी पाह्यजेत. ह्या कॉम्प्युटरच्या पेटीले एकच कुलूप काऊन?"

झालं. ठराव पास. पासवर्डचे तीन तुकडे करायचे. पहिला चंदाबाई ठाकरेचा, दुसरा कोलूभाऊ उसेंडीचा, तिसरा अंजनाबाईचा. दर तीन महिन्यांनी तिघांनी ऑफिसात यायचं, आपापला नवा तुकडा आपल्या हातानं टाकायचा, आणि एक टाकत असेल तेव्हा बाकी सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं. तुकडा तोंडानं सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. कॉम्प्युटरच्या शिकल्यासवरल्या लोकांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण दोन वर्षांत त्या वहीतलं एक पोतं इकडचं तिकडे झालं नव्हतं.

रंजीता त्या ठरावानंतर लागली. त्याआधी दहा वर्षं ती एका सेवा केंद्राच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज भरायची. नवरा चंद्रपूरला कामाला, पंधरवड्यानं येणारा. मुलगी मयुरी सातवीत. संघाची नोकरी मिळाली तेव्हा तिनं नव्या पांढऱ्या साडीत विहारात जाऊन मेणबत्ती लावली होती. पहिल्याच दिवशी अंजनाबाईनं तिला समोर बसवून सांगितलं, "पोरी, तुह्यावर अविश्वास नाई. पण तुले वही लिवाची आहे. कुलूप तुह्या हाती नाई." रंजीतानं मान डोलावली. तिला ते मनापासून पटलं होतं.

तिनं फोन लावले. चंदाबाई रस्त्यावरच्याच गावची, नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून येते म्हणाली. कोलूभाऊ आज बाजाराला आला होता. सुपं-टोपल्या विकणाऱ्या ओळखीच्या बाईला फोन करून निरोप दिला. अंजनाबाई चार दिवस झाले चिमूरला, भाचीच्या लग्नाला. तिचा फोन बंद. भाचीच्या घरी लावला तर कोणीतरी वाजंत्रीवर ओरडून सांगितलं, "त्या तं सकाळच्याच गाडीनं निंघाल्या! फोनची चार्जिंग खतम आहे त्याइच्या!"

सकाळची गाडी. चिमूरहून निघून, गडचिरोलीला गाडी बदलून, धानोऱ्याला दीडला पोचेल का अडीचला, हे एसटीलाच ठाऊक.

एक वाजून दहा मिनिटांनी चंदाबाई आली, पदरानं मान पुसत. एक पंचवीसला कोलूभाऊ आला, खांद्यावर थैली, "जोहार" करून दारातच उभा राहिला. रंजीतानं दोघांना सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये तिघांनी भरलं होतं तेच जोडणीचं पान प्रफुलनं पुन्हा पाठवलं होतं, त्यात पासवर्डची एक रिकामी चौकट.

चंदाबाई बसली. रंजीता आणि कोलूभाऊ पाठ करून उभे राहिले. मग कोलूभाऊ बसला. चौकटीत काळे ठिपके जमले. तिसऱ्या तुकड्याची जागा रिकामी, आणि खुर्चीही रिकामी.

"येईन ते," चंदाबाई म्हणाली. "अंजनाबाई वेळेची पक्की आहे."

"बाई पक्की आहे वो, पण एसटी?" रंजीता म्हणाली.

एक पस्तीस. रंजीता बाहेर जाऊन रस्त्याकडे पाहून आली. रस्त्यावर काळं कुत्रंही नव्हतं. एक चाळीसला पान आपोआप रिकामं झालं, कारण दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर ते तसं होतं म्हणे. चंदाबाईनं कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दोघांनी आपले तुकडे पुन्हा टाकले. पुन्हा पाठ, पुन्हा ठिपके.

आणि हा सगळा वेळ रंजीताच्या छातीवर धोंडा होता. कारण अंजनाबाईचा तुकडा तिला माहीत होता.

नुसता अंजनाबाईचा नाही. तिघांचेही.

तिनं चोरून पाहिलं नव्हतं, हे आधी ऐकून घ्या. ऑफिस म्हणजे दहा बाय दहाची खोली. चंदाबाईला टाइप करताना पुटपुटायची सवय. कोलूभाऊ एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाकणार, आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की समोरच्या नव्या लोखंडी कपाटाच्या चकचकीत दारात ते बोट दिसणार. डोळे मिटायचे तरी किती? आणि अंजनाबाई! पहिल्याच खेपेला तिचा चष्मा फुटलेला होता. तिनं हळूच विचारलं होतं, "सात कुठी आहे वो?" मग "नऊ?" तिसऱ्या आकड्याला रंजीताला कळलं, हा तर बाईच्या वनहक्काच्या दाव्याचा नंबर. सेवा केंद्रात बसून तो नंबर तिनं स्वतः किती वेळा टाकला होता, याचा हिशोब नाही. झोपेत विचारला तरी सांगितला असता. बाकी दोघं दर खेपेला तुकडा बदलायचे; अंजनाबाई मात्र तोच नंबर टाकायची आणि तेच आकडे विचारायची.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण नोकरी लागून आठ दिवस झालेले, आणि आधीच्या ऑपरेटरला हाकलल्याची गोष्ट अजून गरम. सांगितलं तर काढतील, या भीतीनं ती गप्प बसली. मग महिना गेला, वर्ष गेलं. आता सांगितलं तर म्हणतील, आजवर का नाही सांगितलं? दर तीन महिन्यांनी ती पाठ करून उभी राहायची आणि मनातल्या मनात मेल्याहून मेली व्हायची. सगळे म्हणायचे, रंजीतासारखी बाई नाही. ते ऐकून तिला जेवण जात नसे. कोणी तिला कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिला खोटं बोलावं लागलं नव्हतं, एवढाच काय तो आधार.

एक अठ्ठेचाळीस.

चंदाबाई दारात जाऊन रस्ता पाहून आली आणि एकदम खाली बसली. "गेलं," म्हणाली. "माह्या सुनेनं लेकरू पाठीशी बांधून जाळ्या बांधल्या वो. कोणत्या तोंडानं सांगू तिले? कोणाले माहीत असन तं सांगा ना बापा बाईचा तुकडा!"

ती कोणालाच उद्देशून बोलली नव्हती. पण रंजीताला वाटलं, ती आपल्यालाच बोलली. तिच्या मनात आलं, या दोघांना पाणी आणायला बाहेर पाठवावं. अर्ध्या मिनिटाचं काम. सहा आकडे, एक बटन. मग म्हणायचं, प्रफुलनंच काहीतरी केलं, झाली बघा जोडणी. गाडी गेली असती, सुनेपुढं चंदाबाईचं तोंड राहिलं असतं, नोकरीही राहिली असती. कोणाला कधी कळलं नसतं. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, आणि ते इतकं सोपं होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली. पहिल्या ऑपरेटरलाही पहिल्या दिवशी असंच सोपं वाटलं असेल.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

चंदाबाईनं वर पाहिलं. "काय माहीत आहे?"

"बाईचा तुकडा. तुमचाही माहीत आहे. कोलूभाऊचाही. दोन वर्षापासून माहीत आहे."

चंदाबाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला की रंजीतानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दोन वर्ष? आन आमी पाठ करून उभे रायतो, तं तू का हासत रायते मनात?"

"नाई वो बाई! मले रडू येते. मनात रोज येते, आज सांगू, उद्या सांगू. भेव वाटे. तुमी मले काढलं असतं."

"काढलंच असतं!"

कोलूभाऊ आतापर्यंत गप्प होता. तो मुळात गप्पच माणूस. त्यानं विचारलं, "एकटीनं कधी उघडली का तू, आमच्या मागं?"

"नाई, भाऊ."

"कशावरून?"

"कोण कवा उघडते ते वहीतच लिवून रायते. ते मले मिटवता येत नाई. पाहून घ्या."

कोलूभाऊनं वहीकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक त्रेपन्न. त्याच्या गावची अकरा पोती गाडीत होती. तो चंदाबाईकडे वळून म्हणाला, "पाठ कर, बाई."

"काऊन? आता कशाले?"

"तुकडा अंजनाबाईचा आहे. आपल्यानं पाहू नये." आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चंदाबाई क्षणभर तशीच धुमसत राहिली, मग तीही वळली.

रंजीता खुर्चीत बसली. आणि मग एक नवीन भीती तिच्या समोर येऊन उभी राहिली. बाईनं यंदा तुकडा बदलला असेल तर? एक तारखेला अंजनाबाई नवा चष्मा घालून आली होती. काही विचारलं नव्हतं, पटपट टाकून उठली होती. बदलला असेल तर हीच पाचवी चूक. वही बंद, गाडी खाली, आणि रंजीतानं आपलं तोंड उघडलं ते उघडलंच.

तिनं सहा आकडे टाकले. एकेक, मोजून. मग डोळे मिटून बटन दाबलं.

गोल चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. काय ते फिरणं! माणसाचा जीव घेईल.

हिरवी पट्टी. जोडणी झाली.

फोनवर प्रफुल ओरडला, "आली मॅडम, आली! त्रेसष्टच्या त्रेसष्ट दिसून राहिली! एकेका बाईचं नाव आहे बघा!" रंजीतानं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोलूभाऊ बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "हाल गा आता." गाडी घरघरली आणि निघाली. एरवी अशा वेळी चंदाबाईनं ऑफिसात फेर धरला असता. ती पायरीवर बसून राहिली, रंजीताकडे पाठ करून, आणि ही पाठ ठरावातली नव्हती.

अंजनाबाई दोन चाळीसला आली. हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा, केस धुळीनं लाल झालेले. "जय भीम" म्हणत आत आली आणि तिघांची तोंडं पाहून पुडा टेबलावर ठेवायचा विसरली. चंदाबाईनं सांगायला तोंड उघडलं, पण रंजीता म्हणाली, "मी सांगतो," आणि तिनं सगळं सांगितलं, फुटक्या चष्म्यापासून. काही वगळलं नाही.

अंजनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "तू बाहीर जा. आमाले कुलूप बदलाचं आहे. तो दरवाजा लावून घे."

रंजीता बाहेर गेली. दुपारचे तीन वाजलेले, ओट्याची फरशी तव्यासारखी तापलेली. आतून बटनांचा आवाज येत होता. ती मुद्दाम चालत चालत गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, म्हणजे आवाज येणार नाही. मयुरीला काय सांगायचं? नवऱ्याला काय सांगायचं? पुन्हा त्या सेवा केंद्राच्या खिडकीत बसायचं? आणि तेवढ्यात तिला दुसरंच काही आठवलं आणि ती उलट धावत आली.

"बाई!" तिनं बंद दारावर थाप मारली. "बाई, नुसता इथी बदलून होणार नाई! त्या जोडणीतही नवा टाका, नाई तं चार वाजता ते पुन्हा जुन्यानंच धडकन!"

मग चंदाबाईचा आवाज, रागावलेलाच, "कुठी टाकाचा?"

"नागपूरचं पान उघडं आहे ना? वरून तिसरं, निळं बटन. 'बदल करा' म्हणून आहे. ते दाबा. मंग चौकट येईन."

"आली."

"त्यात टाका तिघंही. मंग खालचं हिरवं."

तिघांनी टाकलं. रंजीता बाहेर उन्हात दाराला हात लावून उभी, आणि आत ते तिघं तिच्या सांगण्यावर बटनं दाबतायत. मग हिरवी पट्टी आली असं चंदाबाईनं सांगितलं. रंजीता तिथंच खाली बसली आणि तिला हमसून हमसून रडू आलं.

दार उघडून अंजनाबाई बाहेर आली. तिनं तिला उठवलं नाही आणि समजावलंही नाही. म्हणाली, "पंधरा तारखेची सभा आहे. विषयपत्रिका टाइप कर. पहिला विषय लिव: रंजीता रामटेके हिले ठेवाचं का नाई."

"पहिला, बाई?"

"पहिलाच. बाकीच्या विषयाइत लोकायचं ध्यान लागन मंग."

रंजीतानं आत जाऊन ते टाइप केलं, अकरा प्रती काढल्या आणि अकरा गावांची नावं घातली. स्वतःचीच चिठ्ठी स्वतः फाडायची, असलं काम आयुष्यात पुन्हा कोणाला न मिळो.

सभेत काय झालं म्हणाल, तर तीन तास नुसता कल्ला झाला. आमच्याकडे सभेत हात मोजत नाहीत, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकानं नाही म्हटलं तरी विषय लटकला. रंजीताला मध्ये बसवलं होतं. कोणी म्हणालं, तिनं स्वतः सांगितलं, पहिला ऑपरेटर तर पकडल्यावरही कबूल होत नव्हता. कोणी म्हणालं, दोन वर्षांनी सांगितलं, त्याचं काय कौतुक? वहीतल्या उघडझापीची यादी काढून वाचली गेली. तिघांच्या तारखांखेरीज एकही नोंद नव्हती. तरी दोन गावं अडून बसली. चंदाबाईनं खाली मान घालून 'ठेवा' म्हटलं, कोलूभाऊनं मान डोलावली. शेवटी सगळे अंजनाबाईकडे पाहू लागले.

ती उठली. "मले राग आहे," म्हणाली. "लय राग आहे. पण राग माहा आहे, तो मी ठेवीन. नोकरी तिची आहे, ते तिले राहू द्या."

अडलेली दोन्ही गावं हो म्हणाली. एक अट घातली: कुलूप बदलायच्या दिवशी रंजीतानं ऑफिसात थांबायचं नाही.

अंजनाबाईनं राग खरंच ठेवला. दीड महिना ती रंजीताशी कामापुरतं बोलली. रंजीतानं तेही सोसलं. पण एक नवल झालं. तिला पुन्हा जेवण जाऊ लागलं, आणि मयुरी म्हणाली, आई तू झोपेत बोलणं बंद केलं.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तिघं कुलूप बदलायला बसले. रंजीता बाहेर, पार गोदामाच्या टिनाखाली. नेमका तेव्हाच प्रफुलचा फोन आला. कंपनीला हिरड्याच्या नोंदी पाहायच्या होत्या, घाई होती. "मॅडम, तुम्हीच टाकून द्या ना पासवर्ड. त्या तिघांना कशाला त्रास?"

"सर, मले माहीत नाई."

तो हसला. "असं कसं मॅडम, वही तुम्हीच लिहिता आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाई माहीत, सर! खरंच नाई माहीत!" रंजीता म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज इतका चढला की ऑफिसच्या आतून चंदाबाई ओरडली, "हळू बोल वो, रंजीता! माहा तुकडा चुकून राह्यला!"